माझ्दा आरएक्स-७ एफडीचं कूलिंग सुधारायचंय, मोठ्या रेडिएटरपासून सुरुवात करू का?

मेलबर्न_रोटरी

नमस्कार मंडळी. मूळचा साताऱ्याचा, आता मेलबर्नला असतो. माझ्याकडे १९९३ ची एफडी आहे, सिरीज ६, पाच गिअरची मॅन्युअल, जपानहून इम्पोर्ट झालेली. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, म्हणजे रोटरी, पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात ते, दोन्ही टर्बो ओरिजिनल, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) पण ओरिजिनल, फक्त एक्झॉस्ट बदललेला आहे. लहानपणापासून ही गाडी डोक्यात होती आणि इथे आल्यावर जमलं, त्यामुळे तिला नीट सांभाळायची मनापासून इच्छा आहे.

प्रॉब्लेम असा की उन्हाळ्यात ३८-४० डिग्रीच्या दिवशी फ्रीवेवर ट्रॅफिक तुंबलं की टेम्परेचरचा काटा मधोमध असतो तिथून एक रेघभर वर सरकतो, गाडी चालू लागली की परत खाली. हीटर फुल गरम करून लावला तरी खाली येतो. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे एसी चालू असेल तर काटा हलत नाही, एसी बंद असेल तरच हलतो, मला तर उलट वाटलं होतं. डँडेनाँगच्या चढावर जरा पाय दाबून गेलो तेव्हाही एकदा सरकला होता.

इथल्या एका वर्कशॉपने सांगितलं की जाड अॅल्युमिनियमचा रेडिएटर टाका, थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका आणि बिनपाण्याचा कूलंट भरा, विषय संपला. दुसरीकडे वाचतोय तर सगळे व्ही-माउंट करा म्हणतात, म्हणजे रेडिएटर तिरका बसवायची वेगळी मांडणी. मला पुढे विंटनच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे करायचेत, तिकडे उन्हाळा आणखी कडक असतो. पैसे एकदम सगळीकडे घालता येणार नाहीत, तेव्हा कशापासून सुरुवात करू, आणि थर्मोस्टॅट खरंच काढायचा का? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

गिअरबॉक्स७७

स्पष्ट सांगतो राग मानू नकोस, रोटरी मुळातच तापणारं इंजिन आहे. एलएस व्ही८, म्हणजे जीएमचं पिस्टनवालं इंजिन टाक आणि निवांत चालव. बरेच लोक करतात.

ऑकलंडकर

एलएसचा सल्ला वाईट नाही पण तो वेगळ्या गाडीचा सल्ला आहे, याने एफडी घेतलीय ती त्या इंजिनासाठी. आणि मुळातच तापतं हे अर्धंच खरं आहे. १९९१ ला ल मांसमध्ये माझ्दाची ७८७बी चार रोटरचं इंजिन घेऊन २४ तास धावली आणि जिंकली, ३६२ लॅप. उष्णता बाहेर काढायची सोय नीट असेल तर रोटरी तासन्‌तास मार खाते, सोय नसेल तर एका संध्याकाळी संपते. मधलं काही नाही, म्हणून हा विषय गंभीरपणे घ्यायचा.

आता तुझ्या गाडीबद्दल. सगळ्यात आधी तो डॅशबोर्डवरचा काटा मनातून काढून टाक. एफडीचा ओरिजिनल काटा सरळ प्रमाणात चालत नाही, साधारण ८५ पासून १०५-११० पर्यंत तो मधोमध एकाच जागी उभा राहतो, मुद्दाम तसा बनवलाय, म्हणजे ड्रायव्हरला उगाच काळजी वाटू नये. याचा अर्थ तुझा काटा रेघभर जरी सरकला तरी पाणी तेव्हा ११० च्या आसपास किंवा वर गेलेलं असतं. पिस्टनच्या गाडीत ११० म्हणजे बघू नंतर असं चालून जातं, रोटरीत चालत नाही.

का चालत नाही ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. १३बी चं इंजिन हे एक सलग ब्लॉक नाहीये, लोखंडी प्लेट, अॅल्युमिनियमचं रोटर हाउसिंग, परत लोखंडी प्लेट, परत हाउसिंग, परत प्लेट असे थर लावून लांबलचक बोल्टनी आवळलेलं असतं. पाणी या थरांमधून आरपार जातं आणि प्रत्येक सांध्यात पाणी थोपवायला रबराची वॉटर सील असते. आता अॅल्युमिनियम गरम झाल्यावर लोखंडापेक्षा जास्त फुगतं. त्यात पिस्टनच्या सिलिंडरमध्ये निदान थंड हवा पण त्याच जागी येते जिथे स्फोट होतो, रोटरीत इनटेक कायम एका बाजूला आणि जळण कायम स्पार्क प्लगच्या बाजूला, म्हणजे हाउसिंगची एक बाजू सतत भाजतेय आणि दुसरी सतत थंड. एकदा नीट ओव्हरहीट झालं की हाउसिंग वाकडं होतं, सील चेपते किंवा करपते आणि पाणी कंबशन चेंबरमध्ये जायला लागतं. मग सकाळी स्टार्ट केल्यावर गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंट कुठेही गळत नाही तरी कमी होतंय, ओव्हरफ्लोच्या बाटलीत बुडबुडे. त्या सीलची किंमत फार नाही पण ती बदलायला अख्खं इंजिन उतरवून सुटं करावं लागतं.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी ही सील अजून शाबूत आहे का ते बघ. गाडी पूर्ण थंड असताना इंजिनावरच्या फिलरचं झाकण उघड, पाणी गळ्यापर्यंत आहे का बघ, मग झाकण उघडंच ठेवून स्टार्ट कर आणि नुसता बघत बस. सुरुवातीला थोडी अडकलेली हवा निघेल ती ठीक, पण गरम झाल्यावर सुद्धा बारीक बुडबुडे शॅम्पेनसारखे सतत येत राहिले तर वाईट बातमी. खात्री करायला ब्लॉक टेस्टर मिळतो, निळं लिक्विड असतं, फिलरवर धरून आतला वाफारा त्यातून ओढायचा, एक्झॉस्टचा गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. आणि हाताने पंप मारायच्या टेस्टरने सिस्टिमला प्रेशर देऊन रात्रभर ठेव, सकाळी किती उतरलं बघ. हे सगळं व्यवस्थित निघालं तरच पुढे पैसे घाल, नाहीतर मेलेल्या इंजिनाला नवा रेडिएटर लावल्यासारखं होईल.

हे पास झालं तर पुढची पायरी रेडिएटर नाही, प्लॅस्टिक. तुझ्या गाडीत एएसटी असेल, एअर सेपरेटर टँक, काळी प्लॅस्टिकची छोटी टाकी. पाण्यातली हवा वेगळी करायचं काम तिचं. बॉनेटखालच्या उष्णतेत ती ठिसूळ होते आणि सांध्याला चिरते, एफडी मेल्याच्या गोष्टींत ही टाकी वारंवार येते. तुझी अजून ओरिजिनल असेल तर तीस वर्षं झाली, उद्याच्या उद्या बदल. काही लोक ती टाकी काढूनच टाकतात आणि प्रेशर कॅप इंजिनावरच्या फिलरवर घेतात, ते चालतं, पण माझं मत अॅल्युमिनियमची एएसटी लावावी, कारण या इंजिनात हवा अडकणं हा मोठा त्रास आहे आणि ती टाकी त्यासाठीच आहे. ओरिजिनल रेडिएटरच्या कडेच्या टाक्या पण प्लॅस्टिकच्या असतात, त्या सुद्धा त्याच वयाच्या.

होसेस सगळे बदल. वरचा, खालचा, हीटरचे हे सगळ्यांना आठवतात, टर्बोला जाणारे आणि थ्रॉटल बॉडीचे बारके पाइप कोणाला आठवत नाहीत, आणि फुटतात नेमके तेच.

एसीचं कोडं सोपं आहे. ओरिजिनल सेटिंगमध्ये रेडिएटरचे फॅन १०५ च्या आसपास पाणी गेल्याशिवाय चालूच होत नाहीत, पण एसी लावला की ते लगेच चालू होतात. म्हणून तुझी गाडी एसी चालू असताना थंड राहते. यावरून एक चांगली गोष्ट कळली, तुझे फॅन आणि त्यांची वायर जिवंत आहे, फक्त त्यांना उशिरा जाग येते. सुमारे ९५ ला चालू होणारा थर्मोस्विच मिळतो तो टाक, फार खर्च नाही. फॅनचा हाय स्पीड पण चालतोय ना ते रिले तपासून बघ.

आणि खरा आकडा दाखवणारा गेज लाव, सेन्सर इंजिनमधून गरम पाणी बाहेर पडतं त्या बाजूला, रेडिएटरमधून थंड होऊन येतं तिकडे नको. अलार्म असलेला घे. माझा १०२ ला वाजतो. रस्त्यावर ८५ ते ९५ म्हणजे मस्त, १०५ दिसलं की पाय काढायचा, ११० ला बाजूला घेऊन उभं राहायचं.

मेलबर्न_रोटरी

दादा एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. एसीचं वाचून लख्ख प्रकाश पडला. वीकेंडला सगळं तपासतो आणि इथे टाकतो. तोवर थर्मोस्टॅट आणि बिनपाण्याच्या कूलंटबद्दल कोणी सांगू शकेल का, कारण वर्कशॉपवाला त्यावर फार ठाम आहे.

चाकण_थर्मल

रोटरी मी चालवलेली नाही, भारतात ती कधी विकलीच गेली नाही, पण गेली बरीच वर्षं चाकणला कूलिंग मॉड्यूलवर काम करते, ट्रॅक्टर आणि ट्रकचे, आणि उष्णतेचं गणित सगळीकडे तेच असतं. म्हणून त्या बाजूने लिहिते.

बिनपाण्याचा कूलंट म्हणजे जवळजवळ निव्वळ ग्लायकॉल. त्याचा फायदा एकच, तो उकळतो फार वर. पण पाण्याची विशिष्ट उष्णता किलोला ४.१८ किलोज्यूल, अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल केलं की ती साडेतीनच्या आसपास येते आणि निव्वळ ग्लायकॉलची अडीचच्या जरा वर. म्हणजे तोच पंप तेवढंच लिक्विड फिरवतोय पण प्रत्येक फेरीत कमी उष्णता उचलली जातेय, शिवाय ते घट्ट असतं. लिक्विड उकळणार नाही हे खरं, पण धातू जास्त गरम राहील. आणि वर ऑकलंडकरांनी सांगितलं त्याप्रमाणे तुमच्या इंजिनात मरतं ते धातूच्या तापमानाने, सील धातूला चिकटून बसलेली असते. त्यामुळे मी तरी या इंजिनात ते भरणार नाही. मेलबर्नमध्ये पाणी गोठून इंजिन फुटेल अशी थंडी पडत नाही, तेव्हा ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर आणि ३० टक्के चांगला कूलंट हे मिश्रण मला जास्त पटतं. निव्वळ पाणी नको, अॅल्युमिनियम आणि लोखंड एकत्र असलं की गंजरोधक लागतोच, आणि नळाचं पाणी अजिबात नको. ट्रॅकवाल्यांना आधी विचारून घ्या, काही ठिकाणी ग्लायकॉल चालत नाही कारण सांडलं की ट्रॅक निसरडा होतो, तिथे पाणी आणि गंजरोधक अॅडिटिव्ह घालून जातात.

प्रेशर कॅपकडे लोक फार दुर्लक्ष करतात. ती म्हणजे कुकरची शिट्टी, तिचं वजन बरोबर असेल तरच आत पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही. ०.९ बारची कॅप असेल तर साधं पाणी ११८-११९ ला उकळेल, निम्मं ग्लायकॉल असेल तर आणखी सात-आठ डिग्री वर. कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग बसली की तो सगळा फरक गेला. आणि गेजवर १०० दिसत असलं तरी स्पार्क प्लगच्या मागच्या पाण्याचं तापमान त्याहून बरंच जास्त असतं, तिथे वाफेचा पापुद्रा धरला की धातूची उष्णता पाण्यात जाणंच थांबतं. त्यामुळे कॅप नवी घ्या, पण जास्त प्रेशरची घेऊ नका जोवर जुनं प्लॅस्टिक आत आहे.

आता जाड रेडिएटर. इथे नेहमी गफलत होते. कोअर, म्हणजे रेडिएटरची मधली जाळी, जाड केला की पाण्याच्या बाजूने क्षमता वाढते पण हवेला आरपार जायला जास्त जोर लागतो. हवा आळशी असते, तिला कडेने जायला फट मिळाली तर ती कोअरमधून जाणारच नाही. म्हणजे गळक्या डक्टिंगमागे (पुढची हवा रेडिएटरकडे नेणारा बंदिस्त मार्ग) ५० मिलिमीटरचा कोअर लावला तर तो सीलबंद डक्टिंगमागच्या पातळ कोअरपेक्षा वाईट चालू शकतो. आम्ही मॉड्यूल टेस्ट करताना कडेच्या फटी फोमने बंद केल्या की रीडिंग किती बदलतं ते मी स्वतः पाहिलंय, पहिल्यांदा बघणारा माणूस परत मोजायला लावतो.

तुम्ही एक करा. रात्री अंधारात गाडीच्या पुढे बसा, बंपरच्या तोंडातून टॉर्च आत मारा आणि कोणालातरी बॉनेट उघडून वरून बघायला सांगा. रेडिएटरच्या वर, खाली, कडेला जिथून उजेड थेट पलीकडे दिसेल तिथून तुमची हवा पळतेय. त्या सगळ्या फटी फोमची पट्टी आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करा. खालचा अंडरट्रे आहे का बघा, तो असायलाच हवा, पुढून आलेली हवा रेडिएटरकडे वळवतो तो आणि रेडिएटरच्या मागे गाडीखाली कमी दाब तयार व्हायला पण मदत करतो. अंडरट्रे काढला की इंजिनला मोकळी हवा लागते असं बऱ्याच जणांना वाटतं, प्रत्यक्षात उलटं होतं.

अजून एक, बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलायची पद्धत आहे ना, ती वेगात कामाची नाही, विंडस्क्रीनच्या पायथ्याशी दाब जास्त असतो त्यामुळे तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत जाऊ शकते. व्हेंट करायचाच असेल तर बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे.

सिडनी_सिंगलटर्बो

ताईंच्या पोस्टला शंभर टक्के. व्ही-माउंटबद्दल मी लिहितो कारण माझ्या एफडीत आहे.

व्ही-माउंट म्हणजे इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) वरच्या बाजूला आडवा तिरका, रेडिएटर खालच्या बाजूला तिरका, दोघांच्या मध्ये पुढून हवा शिरते आणि दोघांनाही ताजी हवा मिळते. फ्रंट माउंटमध्ये इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात येतो, त्यातून गरम झालेली हवा रेडिएटरला मिळते, एफडीत मी ते कधीच करणार नाही. सिंगल टर्बो आणि मोठी पॉवर असेल तर व्ही-माउंट हाच मार्ग. पण तुझे ओरिजिनल ट्विन टर्बो आहेत आणि पॉवर कंपनीची. तुला व्ही-माउंटची गरज नाहीये. त्यात बॅटरी हलवावी लागते, एअर इनटेक बदलावा लागतो, एसीचे पाइप आडवे येतात, पत्रा कापावा लागतो, आणि शेवटी डक्टिंग नीट केलं नाही तर फॅक्टरीपेक्षा वाईट. माझ्या गाडीत खरा फरक पडला तो किट लावला तेव्हा नाही, नंतर पत्र्याचे साइड पॅनेल वाकवून सगळं बंद केलं तेव्हा. तोवर हायवेला ९८-१०० असायचं, नंतर त्याच रस्त्याला ८८-९०.

तुला फॅक्टरीच्या जागेवर बसणारा ऑल अॅल्युमिनियम रेडिएटर पुरे, मध्यम जाडीचा. फॅनचं ओरिजिनल श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं आवरण, ठेव. श्राउड काढून नुसते बारके स्लिम फॅन कोअरला चिकटवतात ना, ते फक्त पंख्यापुरत्या गोलातून हवा ओढतात, बाकी कोअर रिकामाच.

आरएक्स८_दुबई

माझी आरएक्स-८ आहे, टर्बो नाही, पण ४५-४८ डिग्रीत रोज चालते म्हणून लिहितो. कोणीच ऑइलबद्दल बोललं नाही अजून. रोटरीत रोटर पाण्याने थंड होत नाही, रोटरच्या पोटात ऑइल फवारलं जातं आणि ते त्याला थंड करतं, इंजिनची साधारण तिसरा हिस्सा उष्णता ऑइलमधून जाते. म्हणजे ऑइल कूलर हा इथे शोभेचा पार्ट नाही, तो दुसरा रेडिएटरच आहे. एफडीच्या काही मॉडेलला एकच ऑइल कूलर यायचा, काहींना दोन्ही बाजूला दोन. बंपरच्या कोपऱ्यात डोकावून बघ तुझ्याकडे किती आहेत. एकच असेल आणि ट्रॅकला जायचं असेल तर व्ही-माउंटचे पैसे दुसऱ्या ऑइल कूलरला घाल, आणि ऑइल टेम्परेचरचा गेज पण लाव.

माझ्याकडे आणखी एक झालेलं, कूलरच्या जाळीत वाळू आणि किडे बसून अर्धी फिन्स बुजलेली, बाहेरून दिसत नव्हती. बंपर काढून मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुतलं, प्रेशर वॉशर नाही मारायचा, फिन्स झोपतात. तुझ्या एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत पण पाला आणि पिसं निघतील बघ, तीस वर्षांची.

मेलबर्न_रोटरी

मंडळी, अपडेट. सगळं तपासलं.

ब्लॉक टेस्टरचं लिक्विड निळंच राहिलं, बुडबुडे पण गरम झाल्यावर थांबले. त्या क्षणी जो जीवात जीव आला तो शब्दांत सांगता येणार नाही. प्रेशर मात्र रात्रभरात बरंच उतरलं आणि सकाळी एएसटीच्या सांध्यावर पांढरट हिरवा थर दिसला, हात लावला तर चिकट. म्हणजे तिथूनच. टाकी अर्थातच ओरिजिनल.

टॉर्चचा प्रयोग केला, बायको वरून बघत होती, तिने सांगितलं की रेडिएटरच्या वर तर अख्ख्या रुंदीला उजेड दिसतोय आणि एका कडेला तीन बोटं जाईल एवढी फट आहे. अंडरट्रेचा पुढचा अर्धा तुकडा आहे, मागचा नाहीच, आधीच्या मालकाकडून तसाच आला असणार. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधून मूठभर वाळकी पानं निघाली. ऑइल कूलर एकच आहे. आणि कूलंट लेव्हलच्या बझरची वायर कोणीतरी कापून टेप लावून ठेवलेली सापडली.

तर आता यादी अशी दिसतेय: अॅल्युमिनियमची एएसटी, नवी कॅप, सगळे होसेस, फॅनचा स्विच, गेज, अंडरट्रे आणि फोम. रेडिएटर त्यातच घालू की थांबू? आणि थर्मोस्टॅटचं अजून राहिलंय.

ऑकलंडकर

वा, इंजिन वाचलंय, मनापासून बरं वाटलं. बझरची वायर आधी जोड. पाणी पातळीखाली गेलं की तोच तुला पहिल्यांदा सांगतो, टेम्परेचरच्या सेन्सरच्या आधी, कारण पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि गेज खोटं थंड दाखवायला लागतो. अशा वेळी तो बझर हाच एक साक्षीदार असतो. कोणीतरी वाजतोय म्हणून कापला असणार, आणि वाजत होता तो त्या एएसटीमुळेच.

रेडिएटर यातच घाल. पाणी एकदाच काढायचं, एकदाच भरायचं, आणि तुझ्या टाक्या प्लॅस्टिकच्या आहेत, बाकी सगळं घट्ट केल्यावर प्रेशर पूर्ण धरलं जाईल आणि मग सगळ्यात कमकुवत जागा तीच उरेल.

थर्मोस्टॅट काढू नकोस. ठाम सांगतो. १३बी मध्ये थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला अजून एक चकती असते, वरचा व्हॉल्व्ह उघडत जातो तशी ती चकती खाली जाऊन बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ते भोक कायम उघडं, मग पंपातलं बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरून परत इंजिनात. म्हणजे थंड करायला म्हणून काढायचं आणि गाडी आणखी तापायची. शिवाय थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ लागेल, रोटरीला थंड असताना पळवणं पण चांगलं नाही. माझ्दाचाच ओरिजिनल घे, ८२ ला उघडायला लागतो. बाहेरच्या काही थर्मोस्टॅटना ती खालची चकती नसते किंवा आखूड असते, दुकानात हातात घेऊन जुन्याशेजारी धरून बघ. बसवताना त्याची जिगल पिन वरच्या बाजूला यायला हवी, हवा निघायची वाट ती.

कमी डिग्रीचा थर्मोस्टॅट टाकायचा मोह होईल. एकदा तो पूर्ण उघडला की पुढे तो ८२ चा होता की ७२ चा याने काही फरक पडत नाही, तिथून पुढे रेडिएटर आणि हवा.

भरताना घाई करू नकोस. गाडीचं नाक वर राहील अशी उभी कर, ड्राइव्हवेचा उतार असेल तर उत्तम. हीटर पूर्ण गरमवर. इंजिनावरच्या फिलरमधून सावकाश भर, स्टार्ट करून झाकण उघडंच ठेव, वरचा होस हाताने दाबत राहा, प्रत्येक दाबाला बुडबुडा येईल. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, परत भर. हीटरमधून खरंच गरम हवा येतेय ना ते बघ, थंड येत असेल तर हवा अजून आत आहे. मग थंड होऊ दे, परत पातळी बघ, आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी निघायच्या आधी झाकण उघडून बघ. गरम असताना चुकूनही उघडू नकोस.

चाकण_थर्मल

त्या वरच्या अख्ख्या रुंदीच्या फटीला नुसता फोम पुरणार नाही, वेगात तो उडतो किंवा वाकतो. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या वरच्या कडेपर्यंत घ्या आणि फोम फक्त जिथे पत्रा धातूला टेकतो तिथे. फोम बंद पेशींचा घ्या, स्पंजसारखा पाणी पिणारा नको. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा मग पत्रा कापा.

गेज लागल्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा, ट्रॅफिकमध्ये उभं असताना किती आणि हायवेला एकाच वेगात किती, बाहेरचं तापमान पण लिहून ठेवा. उभं असताना वाढत असेल तर फॅन आणि श्राउडकडे बघायचं, वेगात वाढत असेल तर डक्टिंग, कोअर किंवा पाण्याचा प्रवाह. दोन्ही एकत्र करून बघितलं की काहीच कळत नाही.

गिअरबॉक्स७७

सगळं वाचून काढलं. एलएसचं म्हणणं मागे घेतो, निदान या गाडीपुरतं. बायपासच्या चकतीचं मला माहीतच नव्हतं.

एक शंका, पंपाची छोटी-मोठी पुली मिळते ती लावून पाणी जास्त फिरवता येणार नाही का?

सिडनी_सिंगलटर्बो

उलट दिशेने विचार करतात रोटरीवाले. हे इंजिन ७-८ हजारावर राहतं, तिथे पंप इतका जोरात फिरतो की पाण्यात पोकळ्या धरायला लागतात आणि प्रवाह कमी होतो. म्हणून रेसवाले पंप हळू करणारी पुली लावतात. पण ती रस्त्यावरच्या गाडीला लावली तर आयडलला पाणी कमी फिरतं, अल्टरनेटर पण त्याच बेल्टवर असेल तर फॅन चालू असताना व्होल्टेज पडतो. याच्या गाडीला ट्रॅफिकचाच त्रास आहे, तेव्हा पुलीला हात लावायला नको.

मेलबर्न_रोटरी

सगळे पार्ट ऑर्डर केले, थर्मोस्टॅट माझ्दाचा. वर्कशॉपला नम्रपणे सांगितलं की फक्त रेडिएटर आणि होसेस तुम्ही बसवा, थर्मोस्टॅट आणि पाणी मी स्वतः भरतो. दुसऱ्या ऑइल कूलरसाठी सेकंडहँड ब्रॅकेट आणि डक्ट शोधतोय, मेलबर्न किंवा सिडनीत कोणाकडे असेल तर मेसेज करा. विंटन ऑइल कूलर लागल्यावरच. पत्र्याचा साचा पुठ्ठ्यात कापून झालाय, उद्या फोटो टाकतो, ताई जरा बघून सांगा कोपऱ्यात वाकवायचा की दोन तुकडे करायचे.

चाकण_थर्मल

दोन तुकडे करा. एकसंध असेल तर दर वेळी रेडिएटरपर्यंत हात घालायला बंपर उतरवावा लागेल.